मानेवरची पिसं

आखाडातल्या रविवारी चिकनच्या दुकानासमोर रांग लावून "कोंबडा नको, मानेवरची पिसं तेवढी द्या" म्हणणाऱ्या माणसाची समाजात काय किंमत असते, ते परवा कळलं. अजून डोकं ताळ्यावर आलेलं नाही.

मी फ्लाय फिशिंग करतो. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. हुकावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. किड्याला वजन नसतंच, जड असते ती दोरी. ती हवेत मागेपुढे खेळवत किडा पाण्यावर अलगद टेकवायचा. लागली तर एखादी चिलापी लागते, तीही मी परत सोडतो. (इथे घरचे लोक ऐकायचं थांबवतात.) पावसाळ्यात नद्या गढूळ, माशाला स्वतःची शेपटी दिसत नसेल, तिथे माझा किडा काय दिसणार! शिवाय महासीर याच दिवसांत अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो. तेव्हा तरी त्याला छळू नये.

म्हणून हे महिने घरच्या कारखान्याचे. टेबलाच्या कडेला हुक घट्ट धरणारा छोटा वाइस, शिलाई मशीनची रिळं, गाठीवर थेंब सोडायला बायकोचं नेलपॉलिश, किड्याच्या अंगाला मेहुणीच्या मांजराचे झडलेले केस. संध्याकाळी गॅलरीतल्या ट्यूबलाइटवर पाखरं जमली की मी भिंग घेऊन हजर. त्यात एखादी मेफ्लाय सापडली तर दिवाळीच, माझा खोटा किडा तिचीच तर नक्कल. पंख फुटल्यावर ही बया काही खातच नाही, तोंड नावापुरतं. एखाद-दोन दिवसांत लग्न उरकून मरते. मी तिच्या शेपटीचे तंतू दोन की तीन ते बघत असतो आणि आतून आवाज येतो, "दिवा घालवा आधी, आमटीत पडतायत!"

सगळं घरात निघतं, अडतं ते पिसांपाशी. किड्याचे पाय म्हणून मानेवरचं पीस हुकाभोवती गुंडाळतात. त्याचे तंतू ताठ असले तरच किडा तरंगतो. ब्रॉयलर बिचारा दीड महिन्यात कापला जातो, त्याची पिसं मऊ, पाणी पिणारी. पाहिजे गावठी कोंबडा, तोही वयात आलेला. परदेशात खास पिसांसाठी कोंबडे पोसतात, पण त्या पिसांच्या भावात आपल्याकडे खुराडं उभं राहील.

तर दुकानदार म्हणाला, "मान सूपला देऊ का साहेब?"

"मान राहू दे. पिसं द्या. रक्त न लागलेली."

रांग चिडीचूप. मागे बर्म्युडा, छत्री आणि स्टीलचा डबा अशा वेषात सी विंगमधले काका उभे होते.

"काळ्याच कोंबड्याची लागतात का हो?"

"तांबडा चालतो. काळा मिळाला तर उत्तम."

काका एक पाऊल मागे सरकले. नंबर मात्र सोडला नाही.

"करता कधी?"

"रात्रीच. दिवसा ऑफिस असतं."

"एकटेच?"

"हो. मध्येच कोणी बोललं की दोरा तुटतो."

"काळा दोरा?"

"काळा. कधी लाल."

"आणि केस वगैरे... ज्याच्यावर करायचं त्याचे?"

"छे छे, मांजराचे."

पुढच्या बाईंनी मुलाला पदराआड घेतलं. काका गंभीर झाले. "२०१३ पासून कायदा आहे बरं का याच्याविरुद्ध."

"अहो काका, माशांसाठी करतो मी!"

"म्हणजे मीन राशीवर?"

"नदीतले मासे! हे नेऊन पाण्यात सोडायचं असतं."

"बरोबर," काका मान हलवत म्हणाले, "उतारा वाहत्या पाण्यातच सोडतात." मग छत्री आडवी धरून कानाशी आले. "एक भाडेकरू आहे. खोली सोडत नाही. कन्या रास. तुमचं साधारण किती होतं?"

हसू येतंय ना? मला नाही आलं. हेच काका गौरी-गणपतीनंतर पुलावर गाडी थांबवून निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट मुठा नदीत भिरकावतात, मी पाहिलंय. अख्ख्या शहराचं सांडपाणी त्या नदीत जातं, तिथे कोणी "किती वाजता करता?" विचारत नाही. चार पिसं मागणारा तेवढा मांत्रिक! महाडकडे वाळण कोंड या नदीतल्या डोहातले महासीर देवीचे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. लोक उलट कुरमुरे टाकतात. तिथे निदान भीतीचा माशांना उपयोग आहे. इथे माझीच भीती, आणि तीही भाडेकरू काढण्यापुरती.

दुकानदाराने पिशवी बांधली. "पन्नास रुपये."

"एरवी फेकताच ना ही?"

"फेकतो साहेब. पण तुमचं काम होतंय ना त्यानं," असं म्हणून त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी समजूतदारपणे डोळे मिटले.

दिले पन्नास. घरी येऊन पिशवी सोडली, तर निम्मी पिसं शेपटीची.