आमच्या लेकीची आठवण आली

एका लेखात वाचलं, त्यातल्या आईबाबांना गरोदरपणातल्या स्कॅननंतर कळलं की बाळाला डाऊन सिंड्रोम आहे तरी त्यांनी बारसं थाटात केलं, वाचून रडूच आलं. आमचंही असंच, 20व्या आठवड्यात सोनोग्राफी, मग फीटल इको म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, हृदयाला भोक, मग बाळाभोवतीच्या पाण्याची टेस्ट आणि रिपोर्टवर ट्रायसोमी 21, म्हणजेच डाऊन सिंड्रोम. डॉक्टर म्हणाले गर्भ ठेवायचा की नाही ते 24 आठवड्यांच्या आत ठरवा, नंतर मेडिकल बोर्ड म्हणजे डॉक्टरांच्या समितीची परवानगी लागते, बस, नीट समजावून कोणी सांगितलंच नाही. परळहून दादरपर्यंत आम्ही दोघं न बोलता चालत आलो. घरी सासूबाई एवढंच म्हणाल्या, येऊ दे गं, आपण आहोत ना. लेक पाच महिन्यांची असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आता चार वर्षांची आहे, स्पीच थेरपी चालू आहे, लोकल दिसली की टाळ्या वाजवते. लेखातल्या ताई, डाऊन सिंड्रोममध्ये बाळाचं थायरॉईड मात्र दरवर्षी तपासत रहा.