थ्री सिरीजचं ‘टॉप मॉडेल’ शोधू नका, आधी टायरचं माप वाचा

साठ-सत्तर लाखांची सेडान घ्यायला निघालेला माणूसही शोरूममध्ये पहिला प्रश्न अल्टो घेणाऱ्यासारखाच विचारतो: "टॉप मॉडेल कुठलं?" बीएमडब्ल्यू थ्री सिरीजला हा प्रश्न लागूच पडत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पिढी (जी२०) आपल्याकडे आली, तेव्हा खरंच पायऱ्या होत्या: ३२०डी स्पोर्ट, त्यावर ३२०डी लक्झरी लाइन, त्यावर ३३०आय एम स्पोर्ट (एम स्पोर्ट म्हणजे बीएमडब्ल्यूची स्पोर्टी सजावट). मग जानेवारी २०२१ मध्ये लांब व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) ग्रॅन लिमोझिन आली आणि मार्च २०२१ मध्ये सहा सिलिंडरची एम३४०आय. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला फेसलिफ्ट झालं, तेव्हा लक्झरी लाइन बंद पडली. लांब व्हीलबेसच्या ३३०एलआय (पेट्रोल) आणि ३२०एलडी (डिझेल), आणि आखूड एम३४०आय अशा तीन गाड्या उरल्या आणि तिघींच्या अंगावर एम स्पोर्टचाच पोशाख.

माझं म्हणणं एवढंच की या तीन वेगळ्या गाड्या आहेत. बंपर, काळी ग्रिल, स्टिअरिंगवरचा तिरंगी धागा यावरून निवड करणाऱ्याचे पैसे चुकीच्या जागी जातात. नंतर बाजारात मिळेल ते बाजूला ठेवा आणि जे नंतर कधीच बसवता येणार नाही त्याला पैसे मोजा.

आधी आकडे. ३३०एलआय: दोन लिटर टर्बो पेट्रोल, २५८ एचपी, ४०० एनएम, शून्य ते शंभर ६.२ सेकंद. ३२०एलडी: दोन लिटर डिझेल, १९० एचपी, टॉर्क तेवढाच ४०० एनएम, ७.६ सेकंद. दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. एम३४०आय: तीन लिटर, ओळीत सहा सिलिंडर, फेसलिफ्टनंतर ३७४ एचपी, ५०० एनएम, ४.४ सेकंद, चारही चाकांना ताकद. गिअरबॉक्स तिघींत आठ गिअरचा ऑटोमॅटिक.

खरी फूट व्हीलबेसपाशी पडते. एम३४०आयचा व्हीलबेस २,८५१ मिमी, लांब गाडीचा २,९६१. हा ११० मिमीचा फरक जवळपास सगळा मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळतो. ड्रायव्हर ठेवून मागे बसणार असाल तर एम३४०आयचा विचारही करू नका. सहा फुटी माणूस पुढे आणि सहा फुटी माणूस मागे, ही जोडी त्या गाडीत सुखाने बसत नाही. उलट स्वतः चालवणार असाल आणि मागची सीट मुलांच्या दप्तरापुरतीच वापरात असेल, तर त्या ११० मिमीचे पैसे कशाला द्यायचे?

लांबीचे दोन तोटे ब्रोशरमध्ये नसतात. पहिला स्पीडब्रेकरचा. दोन चाकांमधलं अंतर वाढलं की उंच, अरुंद स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट आधी टेकतं, पुढचा बंपर सुटला तरी. चार माणसं आणि सामान असताना तर हमखास. तिरकं घेऊन एकेक चाक चढवलं की बहुतेक वेळा निभावतं. दुसरा तोटा मुंबईकरांसाठी: यांत्रिक पार्किंग. स्टॅक पार्किंगच्या पाटीवर कमाल लांबी, रुंदी आणि वजन लिहिलेलं असतं. लांब थ्री सिरीज ४.८ मीटरच्या वर जाते. बुकिंगच्या आधी सोसायटीतल्या त्या पाटीचा फोटो काढा आणि गाडीच्या मापाशी ताडून बघा. गाडी ज्यावर उभी राहते त्या पॅलेटच्या कडेला लोखंडी उभार असतो. लो-प्रोफाइल टायरवर रिम जवळजवळ टायरच्या बरोबरीला येते, त्यामुळे रोजच्या घासण्याने अलॉयच्या कडा खरवडतात.

आता टायर. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची कुणीही काढू शकतं: पहिला आकडा गुणिले दुसरा, भागिले शंभर. २२५/५० आर१७ म्हणजे ११२ मिमी. २२५/४५ आर१८ म्हणजे १०१. २२५/४० आर१९ म्हणजे ९०. एकेका इंचाने रिम वाढली की खड्डा आणि रिम यांच्यामधलं रबर एकेक सेंटीमीटरने कमी होतं. १९ इंची सेटमध्ये एम३४०आयच्या मागच्या चाकांना २५५/३५ येतात, म्हणजे जेमतेम ८९ मिमी. त्यात रनफ्लॅट असतील तर भिंत मुळातच कडक, कारण हवा गेल्यावर त्याच भिंतीवर गाडी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर न्यायची असते. कडक भिंत खड्ड्याचा मार पचवत नाही. आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो, आणि वॉरंटीवाले रस्त्याचं नुकसान म्हणून हात वर करतात. म्हणून विमा घेताना टायर आणि रिमचं वेगळं कव्हर विचारा. इंजिन प्रोटेक्टही घ्या. पाणी तुंबलेल्या रस्त्यावर इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साधा विमा तिथे कामाला येत नाही.

पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असले की पुढचे मागे टाकून झीज सारखी करता येत नाही. मागची जोडी लवकर संपते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा फक्त खर्चाचा मुद्दा आहे. एम३४०आयमध्ये तो यांत्रिक होतो. पुढे झिजलेले आणि मागे कोरे, तेही दुसऱ्या ब्रँडचे टायर घातले की दोन्ही एक्सलच्या फिरण्यात कायमचा फरक पडतो. ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागातला) क्लच तो फरक भरून काढत राहतो, तापतो, त्याचं तेल खराब होतं, आणि कमी वेगात वळताना गाडी अडखळल्यासारखी वाटू लागते. या गाडीला बीएमडब्ल्यूसाठी मंजूर झालेले, भिंतीवर छोटी चांदणी असलेलेच टायर घ्या, आणि शक्यतो चारही एकदम. हा खर्च परवडत नसेल तर ती गाडीही परवडत नाही, असं मी स्पष्टच म्हणेन.

मग एम३४०आयला जास्तीचे पैसे कशाचे? फेसलिफ्टच्या वेळच्या शोरूम किमती धरू: एम३४०आय ६९.२० लाख, ३३०एलआय ५७.९० लाख. फरक ११.३० लाखांचा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आरटीओ टॅक्स, म्हणजे तो फरक पावणेतेरा लाखांवर जातो, विमा वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या सेडानवरचा कर जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्क्यांवरून सरळ ४० वर आला, त्यामुळे आजचं दरपत्रक वेगळं असेल. हिशेबाची रीत तीच. या पैशांत अशा वस्तू मिळतात ज्या कुठलाही गॅरेजवाला नंतर बसवून देणार नाही: जन्मतःच समतोल असलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, चार चाकांची ड्राइव्ह, मागचं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारं), पुढे चार पिस्टनचे ब्रेक. पावसाळ्यात ताम्हिणीत किंवा वरंध्यात वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबलात, तर या डिफरन्शियलचा फरक कळतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर नाही. तिथे वेगमर्यादा १०० ची आहे आणि तिथवर ३३०एलआयही सहा सेकंदांत पोचते. रोज हिंजवडी ते कोथरूड करणाऱ्याला ३७४ एचपी घेऊन काय साधतं, हे त्याचं त्याने ठरवावं.

पेट्रोल की डिझेल, इथे मात्र भावना बाजूला ठेवून कॅल्क्युलेटर घ्या. जानेवारी २०२३ ची किंमत: ३२०एलडी ५९.५० लाख, ३३०एलआय ५७.९०. डिझेलला टॅक्स १५ टक्के, म्हणजे ८.९२ लाख, पेट्रोलला १३, म्हणजे ७.५३. किमतीतला १.६० आणि टॅक्समधला १.४० मिळून डिझेल तीन लाखांनी महाग. शहर-हायवे मिश्र वापरात पेट्रोल ९ आणि डिझेल १३ देते असं धरा, पेट्रोल १०६ रुपये, डिझेल ९४. किलोमीटरमागे खर्च ११.८० विरुद्ध ७.२०. बचत साडेचार रुपयांच्या आसपास. तीन लाख वसूल व्हायला ६५-६६ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला १२ हजार चालवणाऱ्याला साडेपाच वर्षं. तोवर निम्मे लोक गाडी विकून मोकळे होतात.

आणि शहरातल्या शहरात चालणाऱ्या डिझेलचं एक दुखणं वेगळंच. काजळी पकडणारा डीपीएफ स्वतःला जाळून साफ करायला सलग पंधरा-वीस मिनिटं मोकळा रस्ता मागतो. शाळा, ऑफिस, भाजी अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती प्रक्रिया अर्धवट सुटते, जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि शेवटी दिवा लागतो. शिवाय ॲडब्लू (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) भरत राहणं आलं. पुणे-नाशिक, मुंबई-कोल्हापूर असं आठवड्याला येणं-जाणं असेल तर ३२०एलडीसारखी गाडी नाही. एका टाकीत निवांत जाऊन येता. बाकीच्यांनी पेट्रोल घ्यावं.

कंपनीच्या नावावर घेणाऱ्यांनो, महाराष्ट्रात तुम्हाला इंधन कुठलंही असो, सरसकट २० टक्के टॅक्स आहे. म्हणजे डिझेल-पेट्रोलमधला टॅक्सचा फरक तुमच्यापुरता जवळजवळ मिटतो आणि वरचा हिशेब डिझेलकडे झुकतो. पण एकूण टॅक्सच इतका चढतो की घसाऱ्याचा फायदा धरूनही वैयक्तिक नावावर घेणं स्वस्त पडतंय का, ते सीएला बुकिंगच्या आधी विचारा. बिलावरचा एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर) मात्र खर्च समजू नका, तो रिटर्नमध्ये वळता होतो.

आता ज्यावर लोक सगळ्यात जास्त वाद घालतात ते फीचर्स. हेड-अप डिस्प्ले (पुढच्या काचेवर वेग वगैरे दाखवणारा) हवा तर कारखान्यातूनच घ्या. त्याच्या पुढच्या काचेतला थर वरून खाली बारीक उतरत्या जाडीचा असतो. साधी काच बसवली की आकडे दुहेरी दिसतात. दगड लागून काच गेली तर क्लेममध्ये मूळ पार्ट नंबरचाच आग्रह धरा. काचेमागे कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही बिलात धरायला सांगा. सनरूफमुळे डोक्यावरची दोन-तीन बोटं जागा जाते, उंच माणसाने मागे बसून बघावं. फिकट लेदर शोरूममध्ये सुंदर दिसतं आणि नव्या जीन्सचा निळा रंग धरतं. ॲम्बियंट लाइट, स्पॉयलर, ग्रिल यांवर वेळ घालवू नका.

एक गोष्ट मला खटकते. फेसलिफ्टमध्ये वक्र पडदा आला आणि एसीची बटणं गेली. चालत्या गाडीत तापमान बदलायला पडद्यावर बोट शोधत बसणं हे स्पोर्ट्स सेडानला शोभत नाही. २०२२ ची जुन्या डॅशबोर्डची गाडी चांगल्या अवस्थेत मिळाली तर मी तिला झुकतं माप देईन.

टेस्ट ड्राइव्हला डेमो गाडीच्या रिमचं माप आधी विचारा. तुम्हाला मिळणाऱ्या गाडीची रिम वेगळी असेल तर त्या टेस्ट ड्राइव्हवरून राइडबद्दल काहीच ठरवू नका. हवेचा दाब दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरशी जुळवून घ्या. कमी हवा भरून गाडी मऊ दाखवता येते. अर्धा वेळ मागच्या सीटवर बसा. बूट उघडून स्टेपनी आहे का, आणि असली तर ती किती जागा खाते, तेही बघा.

डिलिव्हरीच्या आधी फॉर्म २२ वर (गाडीसोबत येणाऱ्या उत्पादकाच्या प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना वाचा. डिसेंबरची भरघोस सूट बहुधा त्याच वर्षीच्या सुरुवातीच्या मालावर असते, आणि विकताना वर्ष मोजणारा समोरचा माणूस उत्पादनापासून मोजतो. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

सेकंड हँड घेणाऱ्यांनी बॅजवर अजिबात विसंबू नये. बॅज चिकटवता येतो, बंपर बदलता येतो, ब्रेकचे कॅलिपर एम स्पोर्टसारखे निळे रंगवता येतात. चासी नंबर टाकून कारखान्याची ऑप्शन यादी काढा. ३३७ म्हणजे एम स्पोर्ट पॅकेज, ७०४ एम स्पोर्ट सस्पेन्शन (साध्यापेक्षा १० मिमी खाली), २व्हीएफ ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन, २टी४ मागचं एम स्पोर्ट डिफरन्शियल, ६८८ हरमन कार्डनची ऑडिओ, २५८ रनफ्लॅट. यादीत २५८ आहे आणि गाडीवर साधे टायर असतील तर विक्रेत्याला पंक्चरची काय व्यवस्था आहे ते विचारा. एम३४०आय म्हणून दाखवलेल्या गाडीत २टी४ दिसलंच पाहिजे. आणि सगळ्यात आधी, अगदी फुकट, आरसीवरची सीसी वाचा: एम३४०आय २,९९८ ची असते, ३३०एलआय १,९९८ ची.