उशिरा बोलणारे मूल आणि ‘मोठेपणी सुटेल’ हा संदेश

शाळाप्रवेशाचे दिवस आले की कोल्हापुरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो आधी आमच्या शाळेच्या पालकगटावर आला, मग गल्लीतल्या तरुण मंडळाच्या आणि शेवटी नातेवाइकांच्या गटावर. त्याचा आशय असा : ‘मूल उशिरा बोलले तर घाबरू नका, आईनस्टाईनसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. हा सगळा मोबाईलचा परिणाम आहे. घरात एकच भाषा बोला. जिभेला वेखंड उगाळून लावा. पाच वर्षांपर्यंत वाट पाहा. शब्द स्पष्ट आले की प्रश्न संपतो आणि मोठेपणी हा त्रास कोणालाही राहत नाही. डॉक्टरांचा कागद घेऊन मुलाच्या कपाळी शिक्का मारू नका.’

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि माझा धाकटा भाऊ लहानपणापासून भाषेचा विकार घेऊन जगतो आहे. त्यामुळे या संदेशातील प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला भाग वाटते. सगळीच विधाने सारखी घातक नाहीत. काही नुसती चुकीची आहेत, एकात अर्धे सत्य आहे आणि शेवटची दोन माणसाच्या आयुष्याची अनेक वर्षे वाया घालवू शकतात.

आईनस्टाईनची गोष्ट प्रथम बाजूला करू. तो उशिरा बोलू लागला आणि आईवडिलांना काळजी वाटली, हे खरे आहे. त्याने स्वतःच ते सांगितले आहे. पण त्याची बहीण नोव्हेंबर १८८१ मध्ये जन्मली तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता, आणि नवे बाळ म्हणजे खेळणे असावे या समजुतीने ‘याची चाके कुठे आहेत’ असे त्याने विचारल्याची आठवण पुढे त्या बहिणीने लिहून ठेवली आहे. असा प्रश्न विचारणारा मुलगा चार वर्षांपर्यंत मुका होता, असे म्हणता येत नाही. शिवाय एका असामान्य माणसाचे उदाहरण घेऊन सगळी उशिरा बोलणारी मुले हुशार निघतात असे ठरवायचे, तर त्याच न्यायाने काहीही ठरवता येईल.

‘वाट पाहा’ या सल्ल्यात मात्र अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच तो फसवा आहे. दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासपेक्षा कमी शब्द असतील किंवा ते दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर त्याला उशिरा बोलणारे मूल मानतात. आणि अशा मुलांपैकी बरीचशी शाळेत जाईपर्यंत इतरांच्या बरोबरीला येतात. ‘आमचा बाळ्या पण तीन वर्षांनी बोलला, आता गप्प बसत नाही’ असे सांगणारी काकू प्रत्येक घरात असते आणि ती खोटे बोलत नाही. परंतु जी मुले बरोबरीला येत नाहीत, ती नुसती वाट पाहून ओळखता येत नाहीत. सांगितलेले समजते का, बोट दाखवून किंवा खाणाखुणा करून मूल काही मागते का, घरात कोणाला वाचायला-बोलायला अडचण होती का, हे पाहावे लागते, आणि सर्वांत आधी कान तपासावे लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या मोफत तपासणीच्या सरकारी योजनेची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येतात. त्यांच्या तपासणीच्या यादीत भाषाविकासातील विलंब स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. म्हणजे दाखवायला पैसे लागतात ही सबबही नाही. पाच वर्षे थांबण्याचा सल्ला कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या तोंडी मी ऐकलेला नाही.

वेखंडाबद्दल थोडक्यात. भाषा जिभेत नसते. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर एखाददुसरा उच्चार अडू शकतो, पण वाक्य कसे जुळवायचे आणि ऐकलेल्याचा अर्थ कसा लावायचा, याच्याशी जिभेच्या जडपणाचा संबंध नाही. वेखंडातील एका घटकामुळे प्रयोगातील उंदरांना गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये त्याच्या खाद्यपदार्थांतील वापरावर बंदी घातली. तान्ह्या मुलाच्या जिभेवर ते चोळण्याआधी एवढे तरी ठाऊक असावे.

मोबाईलचा मुद्दा लोकांना पटकन पटतो, कारण त्यात दोष द्यायला आई सापडते. तासन्‌तास पडद्यासमोर बसणाऱ्या मुलाशी कोणी बोलत नसेल, तर त्याच्या बोलण्याला उशीर होऊ शकतो आणि तो पडदा बंद करणे योग्यच आहे. पण तज्ज्ञ ज्याला विकासात्मक भाषाविकार म्हणतात, तो मोबाईलने होत नाही. या विकारात मुलाला ऐकू येत असते, मेंदूला इजा झालेली नसते, स्वमग्नतेसारखे दुसरे कारणही नसते. तरीही स्वतःची मातृभाषा शिकणेच त्याला कष्टाचे जाते आणि त्याचा फटका रोजच्या व्यवहाराला बसतो. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून यात अनुवंशाचा वाटा मोठा असल्याचे स्पष्ट झाले आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात बालवाडीतील मुलांची पाहणी होऊन १९९७ मध्ये जे प्रमाण निघाले ते सुमारे सात टक्के होते. इंग्लंडमधील सरे परगण्यात २०१६ मध्ये जवळपास तेवढेच निघाले. साठ मुलांच्या वर्गात हे सरासरी चार मुलांचे प्रमाण होते. आयोवाचे निष्कर्ष आले त्या काळात स्मार्टफोन नव्हते. माझ्या भावाच्या लहानपणी तर आमच्या घरात साधा दूरध्वनीही नव्हता.

‘घरात एकच भाषा बोला’ हा सल्ला आपल्या जिल्ह्यात विशेष नुकसान करतो. गडहिंग्लज आणि शिरोळकडच्या कित्येक घरांत आजी कानडी बोलते, आई दोन्ही भाषा बोलते आणि शाळा मराठी असते. शहरात दखनी बोलणारी घरे आहेत, मारवाडी आणि गुजराती बोलणारी आहेत. अशा घरात मूल अडखळले की पहिली गदा आजीच्या भाषेवर येते. दोन भाषा ऐकल्याने हा विकार होत नाही. कॅनडात फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या, भाषाविकार असलेल्या मुलांची तुलना एकच भाषा बोलणाऱ्या तशाच मुलांशी केली गेली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात द्विभाषिक मुले अधिक मागे असल्याचे दिसले नाही. विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. एकीतच अडचण दिसत असेल, तर ती भाषा मुलाच्या कानावर पुरेशी पडलेली नाही एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आजीची भाषा तोडल्याने मूल आजीला मात्र मुकते.

याच संदर्भात एक गोष्ट नोंदवते. आमच्याकडे बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात आणि ‘काय करालाईस’ हे येथे पूर्णतः शुद्ध बोलणे आहे. बाहेरगावच्या एखाद्या तपासनिसाने कोल्हापुरी मुलीच्या ‘मी गेलो’ला लिंगाची चूक धरून गुण कापले, तर तो विकार मुलीचा नसून चाचणीचा ठरेल. याउलट गल्लीतली इतर मुले जी चूक करत नाहीत ती सातवी-आठवीतला मुलगा करत असेल, ‘आईनं पुस्तक आणली’ असे म्हणत असेल, ‘वहीत’च्या जागी ‘वहीमधी आत’ अशी चाचपडत जुळवाजुळव करत असेल, तर तिथे कान टवकारले पाहिजेत.

आता ज्या विधानासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते : शब्द स्पष्ट आले की प्रश्न संपतो आणि मोठेपणी त्रास राहत नाही.

उच्चार आणि भाषा या दोन वेगळ्या बाबी आहेत. कॅनडातील ओटावा येथे १९८२ मध्ये पाच वर्षांच्या मुलांपासून सुरू झालेल्या आणि ती मुले मोठी होईपर्यंत चाललेल्या पाहणीत हा फरक फार स्वच्छ दिसला. ज्यांचे लहानपणी केवळ उच्चार अस्पष्ट होते, ती मुले एकोणिसाव्या वर्षी जवळजवळ इतरांसारखीच होती. ज्यांना भाषेचीच अडचण होती, त्यांच्यापैकी बहुतेकांना ती एकोणिसाव्या वर्षीही होती. माझा भाऊ चौथीत अगदी स्पष्ट बोलत होता आणि घरच्यांनी त्या दिवसापासून हा विषय बंद केला. आठवीत तो धडा खडखडीत वाचायचा आणि धड्यात काय झाले हे विचारले की खाली पाहायचा. ‘मामाकडे जायच्या आधी दुकानात पैसे देऊन ये’ असे सांगितले तर तो आधी मामाकडे जायचा, कारण कानावर मामा आधी पडलेला असे. नरसाळे हवे असले तर ‘ते हे, तेल ओतायचं, वरनं मोठं’ असे तो म्हणायचा. वस्तू ओळखीची, उपयोग माहीत, शब्दही कधीकाळी शिकलेला, पण लागेल त्या क्षणी हाताला येत नसे. त्याचे लक्ष नसते, असा निष्कर्ष शिक्षकांनी काढला. मी स्वतः शिक्षिका असल्याने सांगते, की वर्गात असा निष्कर्ष काढायला फारसा वेळ लागत नाही.

वय वाढते तशी अडचण नाहीशी होत नाही, फक्त तिचे स्वरूप बदलते. लहानपणी वाक्ये चुकतात ती मोठेपणी बरीचशी जुळतात, कारण माणूस छोटी आणि सुरक्षित वाक्ये वापरायला शिकतो. मग अडचण अशा ठिकाणी दिसते जिथे तिला कोणी भाषेची अडचण म्हणत नाही. भाऊ आज शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशिनवर काम करतो. ड्रॉइंग तो झपाट्याने वाचतो, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर त्याच्या हाती लख्ख चालतात. परंतु पाळी बदलताना सुपरवायझर उभ्या उभ्या चार सूचना एका दमात देतो, त्यांत एखादी ‘तो जॉब झाल्याशिवाय हा लावू नको, पण इन्सर्ट बदलला असला तर चालेल’ अशी असते, आणि मशिनच्या आवाजात ती ऐकून, मनात धरून, उलटसुलट लावून पाहणे त्याला जमत नाही. तो ‘हो’ म्हणतो. हा ‘हो’ अशा माणसांच्या आयुष्यातला सर्वांत महाग शब्द आहे, कारण त्याच्यामुळे पुढची चूक निष्काळजीपणा ठरते. बँकेतला अर्ज, तलाठी कार्यालयातली ‘आधी हे, मग ते’ची साखळी, फोनवर भराभर बोलणारा विमा एजंट, या सगळ्याच ठिकाणी हेच घडते. तालमीच्या कट्ट्यावर शब्दाला शब्द भिडतो तेव्हा तो इतरांचे पाहून क्षणभर उशिरा हसतो. कोल्हापुरात ज्याला टोमणा परतवता येत नाही, त्याला लोक भोळा किंवा शिष्ट समजतात आणि तो यांपैकी कोणीच नाही.

माझ्या भावाचे एकट्याचे उदाहरण पुरेसे नाही, हे मला मान्य आहे. म्हणून मँचेस्टरचा अभ्यास सांगते. इंग्लंडमधील भाषा-केंद्रांत, म्हणजे भाषेची अडचण असलेल्या मुलांसाठीच्या खास वर्गांत शिकणाऱ्या सात वर्षांच्या २४२ मुलांपासून १९९५ मध्ये तो सुरू झाला आणि चोविसाव्या वर्षापर्यंत त्यांच्यातील अनेकांचा मागोवा घेतला गेला. त्या वयात नोकरीत किंवा शिक्षणात असण्याचे प्रमाण समवयस्कांहून फार वेगळे नव्हते. मात्र त्यांची शैक्षणिक पात्रता कमी होती, कामे खालच्या पायरीवरची होती आणि वाहन चालवण्याचा परवाना मिळवलेले त्यांच्यात कमी होते. सोळाव्या वर्षी त्यांच्यात चिंता आणि निराशेची लक्षणेही अधिक आढळली होती. ही मुले आळशी असती तर कामावर गेलीच नसती. ती कामावर जातात, टिकतात आणि त्यांच्या कुवतीपेक्षा खालच्या जागी टिकतात.

शेवटचे विधान शिक्क्याचे. त्यामागे अशी समजूत आहे, की ज्याला भाषा जमत नाही त्याची बुद्धी कमी, आणि कागद हा त्या उणिवेचा पुरावा. २०१७ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने ५७ तज्ज्ञांनी या विकाराच्या नावावर आणि निकषांवर एकमत घडवले. त्यांनी बुद्ध्यंकाची अट दोन्ही बाजूंनी काढून टाकली : निदानासाठी बुद्धी चांगली असणे आवश्यक नाही आणि विकार असणे हे बुद्धी कमी असल्याचे लक्षणही नाही. कागद न घेतल्याने मूल बिनशिक्क्याचे राहते, असेही नाही. मठ्ठ, घुम्या, ढ ही बिरुदे कोणत्याही तपासणीशिवाय फुकट मिळतात.

कागदाचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. त्यातील ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ या प्रकाराची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणे किंवा मेंदूच्या इजेमुळे वाचा जाणे, अशा कारणांभोवती बेतलेली आहे आणि जन्मजात भाषाविकार असलेला माणूस तिच्यात सहज बसत नाही. पण ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या प्रकाराच्या व्याख्येत बोललेली किंवा लिहिलेली भाषा समजण्याची अडचण स्पष्टपणे घेतलेली आहे आणि विकासात्मक वाचाघात हे या विकाराशी नाते सांगणारे जुने नावही तेथे आहे. दार आहे, ते या बाजूला आहे. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. नुसती ‘वाचनात कच्चा’ अशी शिक्षकाची नोंद असेल तर काहीही मिळत नाही.

प्रौढांना परीक्षेची सवलत लागत नाही. त्यांना लागते ते कामाच्या जागी आणि घरी थोडे वेगळे वागणे. भावाची तपासणी तिशीनंतर झाली. अहवाल हाती आल्यावर त्याने तो सुपरवायझरला दाखवला नाही. एवढेच सांगितले, की तोंडी सांगितलेले माझ्या डोक्यात राहत नाही, पाळीचे बदल मशिनजवळच्या फळीवर लिहून ठेवा आणि लिहिता आले नाही तर एका वेळी एकच सांगा, ते मी परत म्हणून दाखवतो. सुपरवायझर लिहू लागला. घरी त्याच्या बायकोने ‘समजलं का’ असे विचारणे सोडले आणि ‘काय करायचं ठरलं, सांग बघू’ असे विचारणे सुरू केले, कारण पहिल्या प्रश्नाला तो सवयीने ‘हो’ म्हणतो आणि दुसऱ्याला नुसते ‘हो’ म्हणून भागत नाही.