दोर कुणाच्या हातात होता? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका,

प्रतिक्रियेत तुम्ही स्वतःच वय सांगितलंत, म्हणून काका म्हणते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये तळ्याच्या किनाऱ्यावर लहान मुलं पाण्यात असतील, तर कुणीतरी एका मोठ्या माणसाने हात पोचेल इतक्या अंतरावर राहायला हवं आणि त्या वेळात दुसरं काही करू नये. त्यावर तुम्ही चांगलंच सुनावलंत. आम्ही परदेशात राहून पोरांना तळहातावरच्या फोडासारखं जपतो. तुम्ही गावच्या विहिरीत मुटके मारत पोहायला शिकलात, तेव्हा तुमच्या मागे कुणी शिट्टी घेऊन फिरत नव्हतं. मूल घाबरलं तर ओरडेलच की. आणि किनारा सार्वजनिक आहे तर जीवरक्षक नेमणं सरकारचं काम, आईबापांना कशाला धारेवर धरता? एवढं सगळं सुनावून झाल्यावर, जुलैमध्ये लेकीकडे येणार आहात म्हणून नातवासाठी लाइफ जॅकेट कुठलं घ्यावं, हेही विचारलंत. म्हणजे आपलं भांडण तसं फार मोठं नसावं.

विहिरीपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रतिक्रियेतला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. तुम्ही लिहिलंय की पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधलेला असायचा, कमरेला दोर असायचा आणि थोरले चुलते काठावर उभे असायचे. माझे वडीलही असेच शिकले. आता त्या चुलत्यांकडे जरा नीट बघा. दोराचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं. एका वेळी एकच पोरगं पाण्यात, बाकीची पायऱ्यांवर कुडकुडत आपल्या पाळीची वाट बघणार. पोरगं गटांगळ्या खायला लागलं की ते थोडं खाऊ द्यायचे आणि मग दोर ओढायचे. मध्येच दोर खाली ठेवून तंबाखू मळायला ते बांधावर गेले, असं तुम्हाला आठवतं का? पोरगं तयार होत गेलं की ओंडका सुटायचा, मग दोर सैल व्हायचा, आणि तोही सुटला की सूर मारायची परवानगी. तुम्हाला आठवतंय ते दोर सुटल्यानंतरचं पोहणं. त्याच्या आधी जे झालं ती राखण मी मागतेय त्याहून कितीतरी कडक होती. चार वर्षांच्या पोराला तर विहिरीच्या काठावर फिरकूही देत नसत.

आता इथलं बघा. उन्हाळ्यात मराठी मंडळींची सहल तळ्याकाठी ठरते. वाळूचा छोटासा किनारा, पाण्यात दोरीला ओवलेले रंगीत तरंगते गोळे, त्यांच्या अलीकडे पोहायची जागा. शेगडीवर मक्याची कणसं, एका टेबलावर भेळेचा घाट, दुसरीकडे अंताक्षरी. घडीच्या खुर्च्या नेहमी गोल मांडल्या जातात, म्हणजे निम्म्या लोकांची पाठ पाण्याकडे. मुलं पाण्यात, आणि काठावर इतकी मोठी माणसं की कुणालाच काळजी वाटत नाही. आईला वाटतं बाबा बघतोय, बाबाला वाटतं तिकडे मावशी उभी आहे, आणि मावशी भेळेत चिंचेचं पाणी किती घालायचं या वादात. इथे दोर कुणाच्या हातात आहे, सांगा.

म्हणून आमच्या गटात आम्ही एक लाल फितीची शिट्टी ठेवली आहे. ती ज्याच्या गळ्यात, तो पंधरा-वीस मिनिटं फक्त पाण्याकडे बघणार. फोन नाही, कणीस नाही, गप्पा नाहीत. पाळी संपली की शिट्टी हातात देताना पाण्यात कोण कोण आहे त्यांची नावं सांगायची, आणि घेणाऱ्याने ती परत म्हणायची. नुसतं 'जरा बघ रे' चालत नाही. बिअर घेतलेल्याला शिट्टी मिळत नाही, यावरून एकदा थोडी रुसवाफुगवी झाली, ती झाली. ज्यांची मुलं अगदी लहान आहेत किंवा ज्यांना पोहता येत नाही, त्यांच्याबरोबर मात्र आईबापांपैकी कुणीतरी पाण्यातच उभं असतं. शिट्टी त्याला पर्याय नाही. आणि हो, ही पाळी पुरुषांनाही असते. तुम्ही आईबाप असं लिहिलंत, पण सहलीत प्रत्यक्षात मान वळवून पाण्याकडे बघत बसलेली असते ती बहुतेक वेळा आईच.

'ओरडेलच की' याबद्दल मात्र मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे. फ्रान्सेस्को पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकाने न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून बारकाईने अभ्यास केला. त्यात दिसलं ते असं: माणूस पाण्यात उभाच राहतो, पाय मारत नाही, तोंड क्षणभर वर येतं आणि परत खाली जातं. तेवढ्या वेळात श्वास घ्यायचा की हाक मारायची? श्वासच घेतला जातो. हात हलवून कुणाला बोलावणंही जमत नाही, कारण तोंड वर काढण्यासाठी दोन्ही हात आपोआप पाणी खाली दाबत असतात. हे सगळं 20 ते 60 सेकंद चालतं, लहान मुलाचं तर आणखी लवकर आटोपतं. चार हातांवर वाळूत बसलेल्या माणसाला वाटावं की पोरगं खेळतंय. जे ओरडतं, हातपाय झाडतं, त्याच्यात अजून दम असतो. त्यालाही मदत लागतेच, पण निदान ते आपल्याला कळतं. पेपर वाचता वाचता लक्ष असायचं, असं तुम्ही म्हणता. लक्ष असेल, पण कान पाण्याकडे ठेवून इथे काही उपयोग नाही.

त्यात तळ्याचं पाणी. तरणतलावात तळाची फरशी दिसते, इथे कमरेइतक्या गढूळ पाण्यात मूल खाली गेलं तर वरून काही दिसत नाही. निळा पोहण्याचा पोशाख तर घेऊच नका, पाण्यात तो नाहीसा होतो. भडक नारिंगी घ्या. तळ कधी एकदम खोल जातो. मिशिगन सरोवराचा प्रकार आणखी वेगळा. काठाजवळ गुडघाभर पाणी, मग खोल चर, मग पुन्हा वाळूचा उथळ पट्टा. पलीकडच्या पट्ट्यावर मोठी मुलं उभी दिसतात, म्हणून लहानगं तिकडे चालायला लागतं आणि मधल्या चरात त्याचे पाय सुटतात. त्याच्या काठच्या ग्रँड हेवन, साउथ हेवनसारख्या ठिकाणी लांब धक्का आहे. वारा असला की त्या धक्क्याला लागून आत ओढणारा प्रवाह तयार होतो, तिथे तर चांगल्या पोहणाऱ्यानेही जाऊ नये. तुम्ही आलात की झेंडे बघा: हिरवा, पिवळा, लाल. दोन लाल झेंडे लागले असतील तर पाण्यात उतरायलाच बंदी.

जीवरक्षकांबद्दल तुमचं बरोबर आहे, असायला हवेत. गोव्यात 2008 पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची व्यवस्था आहे, तशी इथेही असेल असं आपल्याकडून येणाऱ्यांना वाटतं. पण मिशिगनच्या स्टेट पार्कांच्या किनाऱ्यांवर सहसा कुणी नसतं, 'स्वतःच्या जबाबदारीवर पोहा' अशी पाटी असते. सरकारशी भांडायला मी तयार आहे, पण येत्या रविवारी पोरं पाण्यात जाणारच आहेत. आणि जिथे जीवरक्षक असतो तिथेही त्याच्यासमोर शेकडो डोकी असतात.

पोहायला शिकवा, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. 1 ते 4 वर्षांच्या मुलांनी रीतसर पोहण्याचे धडे घेतले तर त्यांच्या बुडण्याचा धोका बराच कमी होतो, असं 2009 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. पण इथले बालरोगतज्ज्ञ हेही सांगतात की शिकलेल्या मुलावरूनही नजर काढू नका. या देशात त्या वयातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं आहे. त्यातली बरीच घरच्या तरणतलावात बुडतात, मोठी होत जातात तशी नदी-तळ्यात.

तुमच्या प्रतिक्रियेतली एक गोष्ट मात्र सोडून देता येणार नाही. 'बाहेर काढून पोट दाबलं की पाणी निघतं, पोरगं उठतं,' असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून असं करू नका, आणि गावाकडे करतात तसं पालथं घालून फिरवूही नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी-अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, आणि दुसऱ्या कुणीतरी 911 ला फोन करायचा. बुडालेल्याच्या बाबतीत तोंडाने श्वास देणं फार महत्त्वाचं, कारण शरीरातला प्राणवायूच संपलेला असतो. एका दुपारच्या वर्गात हे शिकता येतं. तुमच्या लेकीला आणि जावयाला सांगा. तसंच, कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. दोरी, ओढणी, काठी, थंड पेयांचा रिकामा कूलर डबा, जे हाताशी असेल ते फेका किंवा पुढे करा.

आता जॅकेट. हवा भरायच्या दंडाच्या पट्ट्या आणि रबरी बदकं ही खेळणी आहेत, ती जॅकेटच्या जागी धरू नका. जॅकेटच्या आतल्या बाजूला अमेरिकन कोस्ट गार्डच्या मान्यतेचं लेबल असतं, त्यावर वजन लिहिलेलं असतं: 30 पौंडांखालचं, 30 ते 50 पौंडांचं, 50 ते 90 पौंडांचं. वयावर जाऊ नका, आणि 'पुढच्या वर्षी पण येईल' म्हणून मोठं तर मुळीच घेऊ नका. घालून सगळे पट्टे आवळा आणि खांद्यापाशी धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. लहान मुलासाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच बघा. तिकडून विकत आणू नका, इथे कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतं, आणि दुकानातच घालून बघता येतं. नातवाचं वजन लेकीकडून विचारून ठेवा. किलोत सांगितलं तर 2.2 ने गुणा.