बोरिवलीचे बिबटे 'लांब नेऊन सोडा' म्हणणाऱ्यांसाठी

सोसायटीच्या आवारात बिबट्या फिरल्याचा सीसीटीव्ही व्हिडिओ आला, की आरे, मुलुंड, ठाणे, बोरिवली पूर्वच्या ग्रुपवर त्याच्या पाठोपाठ एक ठरलेला मजकूर फिरतो. त्यात चार गोष्टी असतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांना खायला काही उरलेलं नाही. म्हणून ते माणसाच्या मागावर वस्तीत शिरतात. वनखात्याने त्यांना पकडून ताडोब्यात किंवा सह्याद्रीत नेऊन सोडावं. आणि उद्यानाभोवती उंच भिंत घालावी. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, पण सारख्याच घातक नाहीत. तिसरी सर्वात घातक, म्हणून तिच्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी खाण्याचं बघू. उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. चितळ, सांबर, रानडुक्कर, वानर, ससा हे सगळं आत आहे. ट्रॅप कॅमेऱ्यांनी, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी, उद्यान आणि लगतच्या परिसरात 2015 मध्ये 35 बिबटे मोजले, 2018 मध्ये 47. ही मोजणी अंदाजपंचे नसते. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना साधारण गुडघ्याच्या उंचीवर समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण एकाच बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात आणि ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. उपाशी मरणाऱ्या जनावरांची संख्या अशी टिकत नाही, वाढत तर नाहीच. 2015 च्या अभ्यासात विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आहारही काढला होता. निम्म्याहून जास्त वाटा रानातल्या प्राण्यांचा निघाला, आणि साधारण पाव वाटा कुत्र्यांचा.

हा पाव वाटा महत्त्वाचा. कुत्री कचऱ्यावर जगतात, कचरा उद्यानाच्या कडेला साचतो, आणि बिबट्याला सांबरामागे धावण्यापेक्षा कचराकुंडीजवळ झोपलेलं कुत्रं सोपं पडतं. तो कडेला येतो तो उपासमारीने नव्हे, सोयीने.

दुसरी गोष्ट, 'माणसाच्या मागावर'. पूर्वीही बिबट्या रात्री फाटकातून येऊन जायचा, फक्त कॅमेरा नव्हता. व्हिडिओ नीट पाहा: रात्री दोन-तीनची वेळ, आवार रिकामं, बिबट्या भिंतीच्या कडेने चालतो, कुत्रं मिळालं तर उचलतो, नाहीतर निघून जातो. फेब्रुवारी 2019 मध्ये ठाण्यात एक बिबट्या मॉलच्या पार्किंगमधून जाऊन एका हॉटेलच्या तळघरात लपला होता. शिकारीला निघालेलं जनावर तळघरात दडी मारत नाही. हल्ले होतात हे मात्र नाकारण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये आरेत एका तान्ह्या मुलीचा जीव गेला. अशा वेळी एक विशिष्ट बिबट्या ओळखून पकडावाच लागतो, आणि तसं केलंही जातं. 'दिसला की पकडा' ही मागणी त्याहून वेगळी आहे.

आता लांब नेऊन सोडण्याबद्दल. हा प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला आहे. 2001 पासून जुन्नर परिसरात उसातले बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये त्याचा हिशोब मांडला: आधी वर्षाला सरासरी 4 माणसांवर हल्ले होत, नंतर 17. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही वाढलं. बोरिवलीतही 2002 ते 2004 ही हल्ल्यांची सर्वात वाईट वर्षं होती, जून 2004 तर भयंकर, आणि त्या काळात बाहेर पकडलेले बिबटे उद्यानात आणून सोडले जात होते.

असं का होतं, याची कारणं साधी आहेत. पिंजऱ्याला कुठला बिबट्या हवा ते कळत नाही. आमिषाला जो पहिला येईल तो अडकतो, मग तो वयात येणारा अननुभवी नर असो किंवा पिल्लांची आई. गजांना चावून सुळे तुटतात, नखं उखडतात. असं जनावर पुढे हरणाची शिकार कशी करणार? इकडे त्याचा इलाका रिकामा पडतो आणि थोड्याच काळात दुसरा येतो. त्याला कुठल्या गल्लीत कुत्री आहेत, पाड्यावरची माणसं कधी बाहेर पडतात, यातलं काही ठाऊक नसतं. आणि जिथे सोडलं, तिथे दुसऱ्या बिबट्यांचे इलाके आधीच असतात. म्हणून सोडलेला निघतो आणि अनोळखी गावांतून वाट काढू लागतो.

तो किती चालू शकतो याचा पुरावा 2009 मध्ये मिळाला. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका म्हाताऱ्या नराला जीपीएस पट्टा लावून माळशेज घाटात सोडलं. 'आजोबा' म्हणून तो ओळखला गेला. महिन्याभरात सुमारे 120 किलोमीटर चालून, वसईची खाडी पोहून तो नागला भागात, म्हणजे याच उद्यानात येऊन पोहोचला. वाटेत त्याने कुणावर हल्ला केला नाही. 2011 मध्ये तो मेला तो वाहनाच्या धडकेने. ज्यांना बिबटे वाचवायचे आहेत त्यांनी पिंजऱ्याऐवजी उद्यान कापून जाणाऱ्या घोडबंदर रस्त्याखालून जनावरांना वाटा मिळाव्यात म्हणून भांडावं.

कायद्याचंही सांगतो. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. 'नगरसेवकाला सांगून पिंजरा लावून घेऊ' असं होत नाही, आणि होऊ नये.

भिंतीबद्दल फार लिहायला नको. बिबट्या झाडावर चढतो, भिंत त्याला किती अडवणार? शिवाय दहिसर नदी आणि ओढे उद्यानातूनच बाहेर पडतात, तिथे मोकळी जागा सोडावीच लागते. भिंतीचा खरा उपयोग अतिक्रमण आणि डेब्रिज टाकणारे ट्रक रोखायला. त्यासाठी जरूर बांधा.

या मजकुराला उत्तर म्हणून दुसरा फिरतो: 'आपणच त्यांच्या घरात घुसलो'. तोही अर्धवट आहे. उद्यानाच्या पोटात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत, इसवीसनापूर्वी पहिल्या शतकापासून कोरलेली. शिलालेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावं आहेत, जवळजवळ प्रत्येक लेण्याला पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेलं टाकं आहे. म्हणजे शेकडो माणसं या जंगलात राहत आणि व्यापारी शहरांतून तिथे ये-जा करत. आजही पाड्यांवरचे वारली वाघोबाला पुजतात. माणूस आणि बिबट्या इथे नेहमीच शेजारी होते. बदलला तो कचरा.

मग सोसायटीने करायचं काय? ओला कचरा रात्री बाहेर ठेवू नका, आणि कुत्र्यांना आवाराबाहेर खाऊ घालणं बंद करा. आवारातलं गवत आणि झुडपं गुडघ्याच्या वर वाढू देऊ नका, जंगलाकडच्या वाटेवर दिवा ठेवा. अंधार पडल्यावर लहान मूल एकटं सोडू नका. खाली बसलेलं किंवा वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. म्हणूनच पाड्यांवर घरोघरी शौचालय पिंजऱ्यापेक्षा जास्त जीव वाचवतं.

बिबट्या जिन्यात किंवा गॅरेजमध्ये अडकला, तर आपापल्या घरांची दारं लावून घ्या, त्याला बाहेर पडायची एक वाट मोकळी ठेवा आणि 1926 वर वनखात्याला कळवा. गर्दी हटवा, मोबाइलचे दिवे बंद करा. भुलीचं इंजेक्शन लागल्यावरही औषध चढायला काही मिनिटं जातात, आणि त्या मिनिटांत समोर पन्नास माणसं उभी असतील तर बिबट्या त्यांच्यातूनच पळतो. दिवसा सापडलेला बिबट्या बऱ्याचदा अंधार पडेपर्यंत तिथेच दबून राहतो आणि मग स्वतःहून निघून जातो. वनपाल 'थांबा' म्हणाले तर थांबा, 'काही करतच नाहीत' म्हणून व्हिडिओ टाकू नका.