दुखणाऱ्या माणसाला चिठ्ठी कुठून मिळणार?

औषधांच्या विक्रीवर कडक नियम असलेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, उत्तर नागपुरात माझं छोटं मेडिकल आहे आणि एच वन यादीतल्या औषधांचं रजिस्टर मी स्वतः भरते. तरीही हे लिहितेय, कारण या नियमांचा जाच ज्याला व्हायला हवा त्याला होत नाही. तो होतो ज्याच्या अंगात खरोखर कळा येताहेत आणि ज्याच्या हातात त्या घटकेला चिठ्ठी नाही, त्याला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम यांत औषधांच्या याद्या आहेत, त्यांना आम्ही शेड्यूल म्हणतो. शेड्यूल एचमधलं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. बीपीची ॲम्लोडिपिन, जंतुसंसर्गाची अझिथ्रोमायसिन, अंगदुखीची डायक्लोफेनॅक ही सगळी त्यात येतात. शेड्यूल एक्ससाठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच वन ही आणखी एक यादी लागू झाली, तेव्हा तिच्यात ४६ औषधं होती. ती देताना डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं.

हेतू चांगलाच होता. अँटिबायोटिक वाटेल तशी खाल्ल्यामुळे जंतू दाद देईनासे झाले, म्हणून सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन या यादीत आली. टीबीची औषधं आली. पण त्याच यादीत झोपेची-चिंतेची अल्प्राझोलाम, डायझेपाम आली, तीव्र वेदनेवरची पेंटाझोसिन आणि ट्रॅमाडॉलही आली. म्हणजे एका यादीत दोन अगदी वेगळी दुखणी कोंबली गेली. आणि काउंटरवर त्यांचं नशीब सारखं राहिलं नाही. सेफिक्झिम आजही अनेक दुकानांतून चिठ्ठीशिवाय जाते, हे या धंद्यातला प्रत्येक माणूस जाणतो. ट्रॅमाडॉल मात्र कित्येक दुकानांत ठेवतच नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याखाली गेलं आणि छोट्या दुकानदारांनी हात आखडता घेतला. एका स्ट्रिपचा हिशोब चुकला तर नोटीस, लायसन्स सस्पेंड होण्याची भीती, वर अमली पदार्थांचा कायदा. त्या स्ट्रिपवर सुटणार किती? "नको ती भानगड, आमच्याकडे येत नाही म्हणून सांगून टाका," असं ज्येष्ठ दुकानदार मलाही सांगतात. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना घर चालवायचं आहे.

पण आमच्या भागात सिकलसेल आहे. विदर्भात आदिवासी, बौद्ध आणि काही ओबीसी समाजांत हा आजार घरोघरी माहीत आहे. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडांत जी कळ उठते ती बघवत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की उठते, थंडीत गारठा बसला की उठते, ताप आला की उठते. ती वेळ सांगून येत नाही. एका रात्री दुकान बंद करता करता एक काका आले. "मॅडम, पोराच्या कमरंत लय दुखून राह्यलं जी, मागच्या खेपेची गोयी द्या न." मागच्या वेळची चिठ्ठी होती, चुरगळलेली, पण त्यावर पाचच गोळ्या लिहिलेल्या होत्या आणि त्या घेऊन झाल्या होत्या. नियम ६५ सांगतो की, चिठ्ठीवर पुन्हा द्यावी असं डॉक्टरने लिहिलं नसेल तर तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा चालत नाही. मी गोळी दिली नाही. मुलाला आत्ताच्या आत्ता मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत न्या, म्हणून ऑटो बोलावून दिला. नियमाप्रमाणे मला तेवढंच करता येत होतं. त्या मुलाला मात्र तेवढं पुरेसं नव्हतं.

असा पेशंट रिकाम्या हाताने परत गेला की काय करतो, हे नियम करणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. तो दुसऱ्या दुकानातून डायक्लोफेनॅकची स्ट्रिप घेतो. तिलाही चिठ्ठी लागते, पण विचारतो कोण? दिवसाला तीन, चार, पाच गोळ्या खातो. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडं आधीच नाजूक झालेली असतात आणि या गोळ्या नेमक्या तिथेच घाव घालतात. नशेपासून वाचवायला केलेला नियम त्याला किडनीच्या विकाराकडे ढकलतो. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठरलं. तपासणी हवीच. पण ज्याचा रिपोर्ट आधीच पॉझिटिव्ह आहे, त्याला रात्री दहा वाजता वेदनेची गोळी कुठून मिळेल, हेही कुणीतरी ठरवायला हवं की नाही?

कॅन्सरच्या पेशंटचे हाल याहून वाईट. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, तिकडे बालाघाट, बैतूल, सगळीकडून माणसं उपचाराला नागपुरात येतात. उपचार संपले, आता घरीच ठेवा असं सांगितलं की गावी जातात, आणि शेवटचे महिने मॉर्फिनशिवाय, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाशिवाय काढतात. मॉर्फिन महाग नाही. आपल्या देशात अफूची कायदेशीर शेती होते. पण १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर परवान्यांची इतकी गुंतागुंत झाली की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा बदलला, त्याखाली पुढच्या वर्षी मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन अशी सहा औषधं अत्यावश्यक ठरली, राज्याच्या औषध नियंत्रकाचा एकच परवाना पुरेसा झाला. केरळने तर त्याच्या कितीतरी आधी गावपातळीवर वेदनाशमनाचं काम उभं करून दाखवलं होतं. आपल्याकडे कायदा सुटसुटीत झाला, पण मनातली धास्ती तशीच राहिली. नागपुरातून दीडशेहून जास्त किलोमीटरवर गडचिरोली, आणि मॉर्फिन संपलं की कुणीतरी एसटीत बसून परत नागपूर गाठायचं.

फोनवरून डॉक्टरला दाखवा, असं लगेच कुणीतरी म्हणेल. सरकारच्या ई-संजीवनीसारखी सोय बाकी आजारांसाठी खरंच चांगली आहे. पण मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत शेड्यूल एक्स आणि एनडीपीएसमधली औषधं लिहून द्यायला मनाई आहे. ट्रॅमाडॉल नाही, मॉर्फिन नाही. ज्याला उठून बसता येत नाही, त्यानेच प्रत्यक्ष यायचं.

यादी एका रात्रीत बदलली की काय होतं, ते त्याच महिन्यात आम्ही पाहिलं. कोरोनावर चालेल या आशेने हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर लोकांची झुंबड उडाली म्हणून मार्च २०२० मध्ये त्याची विक्री एच वनच्या अटींखाली आणली. झुंबड थांबवायला हवी होती, मान्य. पण संधिवाताच्या आणि ल्युपसच्या बायका वर्षानुवर्षं तीच गोळी खात होत्या. लॉकडाऊनमध्ये त्यांचे डॉक्टर बंद, जुनी चिठ्ठी चालेना आणि गोळी कुठे शिल्लक नाही.

२०२५ च्या छिंदवाड्याच्या लेकरांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, किडन्या बंद पडलेली मुलं नागपुरात आणली आणि त्यांतली कित्येक इथेच गेली. त्यानंतर सगळ्यांचा रोख चिठ्ठी आणि मेडिकलवाल्यांकडे वळला. पण त्या मुलांना सिरप डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं. विष कारखान्यात मिसळलं गेलं, आणि बाटली बाजारात येण्याआधी तिची तपासणी करायची होती ती झाली नाही. काउंटरवर आणखी एक रजिस्टर ठेवून ते थांबलं नसतं.

आणखी एक नियम आहे, त्याची चर्चा फार कमी होते. चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव असेल तर त्याच घटकाचं दुसऱ्या कंपनीचं औषध फार्मासिस्टने बदलून द्यायचं नाही, असं नियम ६५(११ए) सांगतो. जनऔषधी केंद्रात तीच ॲम्लोडिपिन कितीतरी स्वस्त मिळते. समोर उभी असलेली मावशी पदरातले पैसे मोजत असते आणि मला तिला सांगावं लागतं, डॉक्टरकडून घटकाचं नाव लिहून आणा. ती डॉक्टरकडे परत जात नाही. अर्धी स्ट्रिप मागते, पंधरा दिवस गोळी खाते आणि पंधरा दिवस बीपी वाढू देते. एकच घटक, एकच ताकद असेल तिथे तरी फार्मासिस्टला बदल करू द्यावा. चार वर्षं शिकून आम्ही इथे बसतो ते फक्त बिल फाडायला नाही.

मला यादी सैल करून नकोय. अँटिबायोटिकवर तर ती आहे त्याहून कडक पाळली जावी. मागणं आहे ते वेदनेच्या औषधांपुरतं. सिकलसेल आणि कॅन्सरच्या नोंदणीकृत पेशंटना टेलिमेडिसिनच्या मनाईतून सूट द्या. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिन आणि ट्रॅमाडॉल ठेवणं सक्तीचं करा. ज्या दुकानाचं रजिस्टर चोख आहे, त्याला ही औषधं ठेवल्याबद्दल धाक वाटू नये, एवढं अन्न व औषध प्रशासनाने लेखी सांगावं.

आणि नागपूरच्या डॉक्टर मंडळींना एक विनंती, ही आजपासून करता येईल आणि त्याला कुठलाही नवा कायदा लागत नाही. सिकलसेलच्या पेशंटला चिठ्ठी देताना तारीख, त्याचा पूर्ण पत्ता, एकूण गोळ्या आणि तुमचा नोंदणी क्रमांक लिहा. पुन्हा द्यायची असेल तर किती वेळा आणि किती दिवसांनी, तेही लिहा. आजचा नियम त्याला परवानगी देतो. अशी चिठ्ठी घेऊन माणूस आला तर रजिस्टरात नोंद करून मी औषध देईन, दुकान रात्री साडेदहापर्यंत उघडं असतं.