वृद्धाश्रमातील औषधांच्या तक्रारी: एका संचालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

संचालक महोदय, सप्रेम नमस्कार.

औषधांच्या तक्रारींची चौकशी कशी करावी, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिली, त्याबद्दल आभारी आहे. सहा-सहा महिने न फिरकणारे नातेवाईक एका गोळीवरून गहजब करतात आणि माझ्यासारखे लोक त्यांना खतपाणी घालतात, हा आपला पहिला आक्षेप. औषध दिल्याच्या रोजच्या सह्यांची वही असताना आणखी कसली चौकशी, हा दुसरा. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींच्या शब्दावर तक्रार उभी राहत नाही, हा तिसरा. आणि कॅलिफोर्नियाचे नियम इथल्या धर्मादाय संस्थांना लावू नयेत, हा चौथा.

पहिल्यातले अर्धे मला मान्य आहे. 'निष्काळजीपणा' हा शब्द मी लेखाच्या सुरुवातीलाच वापरला, तो तिथे नको होता. मात्र नातेवाईक किती वेळा येतात, यावरून गोळी नीट दिली गेली की नाही हे ठरत नाही. रुग्णालयाच्या औषध विभागात तीस वर्षे काढल्यामुळे मला एक सवय लागली आहे: माणसांना काही विचारण्याआधी गोळ्या मोजायच्या.

वहीबद्दल सांगतो. एका वृद्धाश्रमात (नाव देत नाही) एका आजींच्या तोंडात फोड आले, घास गिळवेना. आईला भलतेच औषध देतात, अशी मुलीची तक्रार होती; वहीत आहे तेच देते, असे सेविका सांगत होती; आणि दोघीही आपापल्या परीने खरे बोलत होत्या. आजींना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झाले होते. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज पोटात गेली तर तोंड सोलवटते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात आणि प्रसंगी जिवावर बेतते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर सोमवारचा इंग्रजी संक्षेप लिहिला होता, आणि वहीत उतरवून घेणाऱ्याने तो 'मॉर्निंग' असा वाचला. दहा गोळ्यांची पट्टी दुकानाच्या बिलाप्रमाणे ४ तारखेच्या संध्याकाळी आणलेली होती. ११ तारखेला दुपारी मी ती हातात घेतली तेव्हा तीन गोळ्या शिल्लक होत्या. आठवड्याला एक या हिशेबाने नऊ उरायला हव्या होत्या. वहीत मात्र सात सकाळींच्या सात सह्या, अगदी चोख. चूक त्या पानाच्या पहिल्या ओळीत होती, आणि ती ओळ चिठ्ठीशी कोणी ताडून पाहिली नव्हती. मुलगी सेविकेला कामावरून काढा म्हणून हटून बसली होती. त्या सेविकेची नोकरी या मोजणीने वाचली, हे आपण ध्यानात घ्यावे.

आजींच्या शब्दाविषयी. ज्यांना आजचा वार सांगता येत नाही, त्यांना गोळीचा रंग बदललेला कळू शकतो. 'मला एकच गोळी दोनदा देतात,' असे म्हणणाऱ्या एका आजोबांना सगळ्यांनी हसण्यावारी नेले होते. त्यांच्या डबीत रुग्णालयातून घरी सोडताना लिहिलेली टेल्मा आणि आधीपासून चालू असलेली टेल्मिकाइंड, दोन्ही निघाल्या. नावे दोन, औषध एकच: रक्तदाब उतरवणारे टेल्मिसार्टन. आणि त्यांना उठताना भोवळ का येते याचा शोध भलतीकडेच चालला होता. सांगणाऱ्याची स्मृती अधू असेल तर त्याचे म्हणणे पुरावा म्हणून घेऊ नका, पण काय तपासायचे याची खूण म्हणून जरूर घ्या. जे काहीच सांगू शकत नाहीत आणि अचानक दिवसभर झोपून राहू लागतात, त्यांच्या बाबतीत झोपेच्या गोळ्यांचा हिशेब आधी पाहावा. अल्प्राझोलामसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१'मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एका यादीत आहेत. त्यांच्या विक्रीची, रुग्णाच्या नावासह आणि नगांसह, वेगळी नोंद दुकानदाराला तीन वर्षे ठेवावी लागते. म्हणजे संस्थेची वही काहीही सांगत असली तरी किती गोळ्या विकत घेतल्या हे दुकानात कळते.

कॅलिफोर्नियाचा उल्लेख मी धाक दाखवायला केला नव्हता. तिथल्या अशा निवासांतही परिचारिका असतेच असे नाही, तेव्हा 'आम्ही काही रुग्णालय नाही' हे त्यांनाही म्हणता येईल. तरी तक्रार आल्यावर साधारणपणे दहा दिवसांच्या आत परवाना खात्याचा माणूस प्रत्यक्ष येतो, आणि निष्कर्ष तीन प्रकारचे असतात: सिद्ध, सिद्ध न झालेली आणि निराधार. आपण आपल्या संस्थेविषयीची एक तक्रार 'खोटी ठरली' असे लिहिले आहे. आपल्याच वर्णनावरून ती फक्त सिद्ध झाली नाही, कारण तोवर पट्ट्या कचऱ्यात गेल्या होत्या. आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचे न्यायाधिकरण मुख्यतः निर्वाहखर्चाचे दावे ऐकते. वृद्धनिवासांच्या नोंदणीची तरतूद असलेले २०१९ चे दुरुस्ती विधेयक संमत झालेच नाही. बाहेरून तपासायला कोणी येत नसेल तर आपणच मोजून ठेवणे संस्थेच्या हिताचे नाही का?

रिकाम्या पट्ट्या कशाला जपायच्या, असे आपण शेवटी विचारले आहे. बॅच नंबर आणि मुदत पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते. दुकानदाराने कात्रीने कापून दिलेल्या तुकड्यावर ती बहुधा राहत नाही, कधी औषधाचे नावही अर्धेच उरते. म्हणून शक्यतो अख्खी पट्टी घ्यावी, आणल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहावी आणि संपल्यावर ती त्या व्यक्तीच्या नावाच्या पाकिटात महिनाभर ठेवावी. चाळीस जणांच्या आश्रमाला त्यासाठी एक खोका पुरतो.